हिरडीची शिवण

दवाखान्यात तिला सगळे 'पट्टी' म्हणत, कारण तिचं काम मोजण्याचं होतं. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात इम्प्लांट, म्हणजे धातूचा छोटा स्क्रू बसवतात. त्याच्याभोवती हिरडी कशी भरून येते, हे पाहणारा एक अभ्यास तिथे दोन वर्षं चालला होता. हिरड्या मोजायला माणसं दोनच. एक ती आणि दुसरा तिच्याच वयाचा सहकारी, ज्याच्या तोंडून पूर्ण आकडा म्हणून कधी निघत नसे. "अडीच. नाही, थांब, दोन आणि अडीचच्या मध्ये कुठेतरी." त्याचं नाव पडलं 'अर्धा'. विभागप्रमुख मॅडम व्हरांड्यातून हाक मारत, "पट्टी, अर्धा, दोन नंबरच्या खुर्चीवर या," आणि खुर्चीवरच्या नव्या माणसाला वाटे, ही आपल्यावर होणाऱ्या उपचारांची नावं आहेत.

मोजायचं हत्यार म्हणजे प्रोब. सुईसारखी बारीक पण टोकाला बोथट काडी, तिच्यावर एकेक मिलीमीटरच्या काळ्या खुणा. ती हिरडी आणि धातू यांच्या फटीत अलगद उतरवायची आणि किती आत गेली ते वाचायचं. जोर पंचवीस ग्रॅमचा, त्याहून जास्त नाही. तो हाताला कळावा म्हणून दोघांनी महिनाभर प्रयोगशाळेतल्या छोट्या काट्यावर टोक दाबून सराव केला होता. पट्टीचा हात इतका बसला की काट्याकडे न बघता ती बरोबर पंचवीसवर थांबे. अर्धा सुरुवातीला अठरा ते तीसमध्ये कुठेही थांबे आणि म्हणे, "माझी माणसं नशीबवान. त्यांना रोज नवीन काहीतरी मिळतं." पुढे तोही सुधारला.

हिरडीचं तिला पहिल्यापासून नवल वाटे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसलेले असतात, भिंतीत खिळे ठोकल्यासारखे. धातूत त्यांना घुसता येत नाही. मग ते इम्प्लांटच्या मानेभोवती गोल फिरतात आणि तिला पट्ट्यासारखं आवळून धरतात. वरून कातडीचा एक पातळ पदर धातूला चिकटत खाली उतरतो आणि ठरावीक अंतरावर थांबतो. हे दोन्ही मिळून तीन-चार मिलीमीटर उंचीचं एक बंद कडं तयार होतं. वर तोंडातले जंतू आणि खाली हाड, मध्ये तेवढाच काय तो बंदोबस्त. आणि शरीर हे माप सोडत नाही. कोणी कडं फाडलं, तर ते तेवढंच कडं थोडं खाली सरकून पुन्हा बांधतं. जागा अपुरी पडली, तर हाडाला मागे हटवून जागा करतं.

अभ्यास इम्प्लांटच्या तीन घडणींचा होता. पहिली घडण म्हणजे स्क्रू आणि हिरडीतून वर येणारी मान मिळून एकच अखंड तुकडा, उघडण्यासारखं त्यात काही नाहीच. दुसरीत दोन तुकडे, आणि त्यांचा सांधा हिरडीच्या आत, हाडाच्या काठाशी. तिसरीतही दोन तुकडे, पण वरचा खालच्यापेक्षा अंमळ बारीक, त्यामुळे सांध्यापाशी एक इवलीशी पायरी राहते. त्या पायरीवर हिरडीला पाय रोवायला जागा मिळते आणि हाड जास्त शाबूत राहतं, असा सगळ्यांचा अंदाज होता. अंदाज खरा की खोटा ते ठरवायलाच हा खटाटोप.

दोन तुकड्यांच्या घडणींवर सुरुवातीला एक छोटं झाकण फिरवून बसवत. बारा आठवडे हिरडी त्याच्याभोवती भरायची, नंतर झाकण काढून मापं घ्यायची आणि मग वर दात चढवायचा. मधल्या काळात फक्त बाहेरून फोटो. झाकण उघडायचं नाही. हा नियम पट्टीनेच मोठ्या अक्षरांत टाइप करून प्रत्येक खुर्चीशेजारी चिकटवला होता.

पट्टीचे बाबा शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी दोरा दाताने तोडला. कात्री गळ्यात लटकत असताना तोडला. वरच्या पुढच्या डाव्या दाताला आधी खाच पडली, खाचेची भेग झाली, भेग मुळापर्यंत गेली आणि दात काढावा लागला.

"कात्री घ्या, कात्री घ्या सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या," आई म्हणाली, "आणि पडला मात्र ह्यांचा!"

"तुझे पक्के आहेत म्हणून तर एवढं बोलणं झालं," बाबा म्हणाले, आणि फटीतून शीळ घातल्यासारखी हवा निघाली.

त्या शिळेचं घरात हसू झालं, पण दुकानात बाबा मिटून गेले. दिवसभर बोलत, गिऱ्हाइकांची फिरकी घेत शिवणारा माणूस. आता 'शर्ट' आणि 'शिलाई' या दोन शब्दांशीच तो अडखळू लागला. माप घेताना टेपचं टोक ओठांवर धरून बोलू लागला. पट्टीला ते बघवेना. तिने त्यांना मॅडमसमोर नेऊन बसवलं.

मॅडमनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "काका, पुढच्या बाजूचं हाड पत्र्यासारखं पातळ आहे. इम्प्लांट एकदा बसेल. तो निघाला, तर दुसऱ्यांदा बसवायला इथे काही उरणार नाही."

"एकदाच बसवू या की," बाबा म्हणाले. "मीही कापड एकदाच कापतो."

तीन घडणींचं त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलवली. "म्हणजे कॉलरच. मान आली, मानेभोवती कॉलर आली. कॉलर बसली की कोट बसला."

कोणाला कोणती घडण हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरे. पट्टीने मनातल्या मनात तिसरी मागितली होती, आणि चिठ्ठी तिसरीच निघाली. पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मॅडमनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "घरच्या माणसाला आपण हात लावायचा नाही. तुझ्या बाबांचं सगळं अर्धा बघेल. फोटो, आकडे काहीही तुला बारा आठवडे दिसणार नाही."

"चालेल," पट्टी म्हणाली. तेव्हा तिला खरंच वाटलं होतं की चालेल.

पहिला आठवडा बरा गेला. बाबा सगळं गार आणि मऊ खात, सांगितल्याप्रमाणे गुळण्या करत. नवव्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"आत काहीतरी टोचतंय गं."

"कुठे? वर की बाजूला? सारखं की मधूनमधून?"

"आता दाताचं काय सांगू, वर की बाजूला. टोचतंय एवढं खरं."

नियमाने तिने अर्ध्याला सांगायचं. पण अर्धा त्या दिवशी रजेवर होता आणि मॅडम शस्त्रक्रियेत. शिवाय खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच बघायचं होतं. रोज आठ-दहा तोंडांत डोकावणाऱ्या माणसाला आपल्या बापाच्या तोंडात डोकावायची तेवढी बंदी. नऊ दिवस तिला चैन नव्हती. जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला, तेव्हा तिने बाबांना बोलावून टोकाच्या चार नंबरच्या खुर्चीवर बसवलं.

"एकदाच बघते," ती म्हणाली.

हातमोजे, मास्क, निर्जंतुक केलेली हत्यारं, सगळं व्यवस्थित. हिरडीतून टाक्याच्या दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं, तेच टोचत होतं. ते तिने कापलं. तिथे थांबता आलं असतं. पण आत काय चाललंय हे कळल्याशिवाय तिला राहवेना. बारीक किल्लीने तिने झाकण अडीच आटे फिरवून उचललं. आत गुलाबी, ओलसर, गोल कडा दिसल्या, पुस्तकात छापावा असा फोटो. कडेवर रक्ताचा एक थेंब उभा राहिला, टाचणी टोचल्यावर येतो तेवढा. तिने प्रोब उतरवली. तीन मिलीमीटर. जीव भांड्यात पडला.

"काय म्हणते कॉलर?" बाबांनी तोंड उघडं ठेवूनच विचारलं.

"छान बसतेय."

झाकण परत घट्ट केलं आणि डायरीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि आकडा लिहिला. लिहिल्याशिवाय तिला मोजल्यासारखं वाटत नसे.

तो रक्ताचा थेंब कशाचा, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. झाकणाला चिकटू लागलेला तो पातळ पदर झाकणाबरोबर सुटून आला होता. त्याची भरपाई होते, हेही ठाऊक होतं. एकदा सुटला तर होते.

तेविसाव्या दिवशी बाबा पुन्हा म्हणाले, जरा टोचल्यासारखं वाटतंय. पुन्हा जेवणाची सुट्टी, चार नंबरची खुर्ची. या वेळी टोचण्यासारखं काही सापडलं नाही, पण प्रोब साडेतीनवर थांबली. अर्धा मिलीमीटर म्हणजे काय, मोजणाऱ्याच्या हाताचाही फरक असू शकतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडात तिने तो फरक लिहून पुढचं पान उलटलं असतं. इथे तिच्या डोक्यात दिवसभर तो अर्धा मिलीमीटर घोळत राहिला. हात चुकला की हिरडी मागे सरकली? हे कळायला मार्ग एकच होता, पुन्हा मोजणं.

चौतिसाव्या दिवशी चार निघाले. एक्केचाळिसाव्या दिवशी सव्वाचार. आता दोन मापांमधलं अंतर आपोआप कमी होत चाललं. आकडा वाईट आला की ती लवकर बघे, आणि लवकर बघितलं की आकडा आणखी वाईट येई. पंचेचाळिसाव्या दिवशी साडेचार. बाबांना ती म्हणे, "बरं चाललंय," आणि बाबा उठताना म्हणत, "वा, आता मोकळं वाटतंय." त्यांचं ते मोकळं वाटणं ऐकून तिला पुन्हा धीर येई. काहीतरी केल्यासारखं वाटे.

त्याच आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी ती डबा द्यायला दुकानात गेली. समोर निवृत्त हेडमास्तर बसले होते आणि टेबलावर त्यांचा राखाडी कोट पडला होता. हे बाबांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि वीस वर्षांत एकाही कपड्यावर त्यांनी समाधान मानलेलं नव्हतं.

"कॉलर अजून अंगठाभर वर घ्या," हेडमास्तर म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्हीच खाली घ्यायला लावलीत." बाबा टेप ओठाशी धरून बोलले.

"तेव्हा मान खाली होती."

"मास्तर, मान तुमची, पण कापड माझं ऐकतं. हे बघा." बाबांनी कोट उजेडात धरला. कॉलरच्या मुळाशी शिवणीच्या रेषेत बारीक भोकांची रांग चमकली. "दोनदा उसवली ही. प्रत्येक वेळी सुई नवी भोकं पाडते. तिसऱ्यांदा उसवली तर शिवायला कापडच उरायचं नाही, सगळी शिवण चाळणी होईल. मग मला आणखी खालून घ्यावं लागेल, आणि खाली तर कापड नाही. आता बसलीय तशी बसू द्या. हात लावू नका. अंगात घालून फिरा, तीच जागेवर येईल."

"म्हणजे करायचं काही नाही?"

"काहीच नाही. तेच तर तुम्हाला जमत नाही."

हेडमास्तर हसले. पट्टी मात्र डबा टेबलावर ठेवून उभीच राहिली. हे तिने वर्गात शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, टाइप करून भिंतीवर चिकटवलेलंसुद्धा होतं. झाकण निघालं की पदर सुटतो. पुन्हा पुन्हा सुटला की तो खाली सरकतो, आणि खालचं हाड जागा करून देतं. पायरीची घडण असो नाहीतर आणखी कसली, उसवत राहिलेली हिरडी धरत नाही. पाच वेळा. तिने पाच वेळा उसवलं होतं, तेही स्वच्छ हातमोजे घालून आणि बरोबर पंचवीस ग्रॅम जोराने.

"काय गं, अशी काय उभी? जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तोंड बघ कसं झालंय. मला ना, ते परत थोडं टोचतंय. उद्या बघतेस का?"

"नाही," ती म्हणाली. "आता नाही बघायचं."

त्यानंतरचे पाच-साडेपाच आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. काय झालंय हे कळलं होतं. किती झालंय हे कळायला उघडावं लागलं असतं, आणि उघडलं तर आणखी झालं असतं. बाबांना सांगावं तर ते विचारणार, "मग आता काय करायचं?" आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. मॅडमना सांगायला ती दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा हातमोज्यांची खोकी कुठे ठेवलीत एवढंच विचारून परत आली. कामावर ती इतरांच्या हिरड्या मोजत राहिली. तीन, तीन, सव्वातीन, अडीच. सगळ्यांचं छान चाललं होतं. एका बाईने तिचा हात धरून सांगितलं, "तुमचा हात किती हलका आहे हो." पट्टीने आभार मानले आणि हात धुवायला निघून गेली.

बारावा आठवडा उजाडला. बाबांना अर्ध्याने दोन नंबरच्या खुर्चीवर घेतलं. पट्टी व्हरांड्यात, उघड्या दारापासून चार हातांवर उभी होती. नियमाने तिने तिथे असायचं नव्हतं, पण तिला हटकायला त्या वेळी कोणी मोकळं नव्हतं. आतून अर्ध्याचा आवाज आला, "पुढची बाजू..." आणि तो थांबला. एरवी तो इथे दोन आकड्यांच्या मध्ये लोंबकळत राहायचा.

"पाच," तो म्हणाला. "पूर्ण पाच."

थोड्या वेळाने मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. बाबा बाहेर बाकावर कोणाशीतरी बोलत होते. पडद्यावर त्यांचा एक्स-रे होता. इम्प्लांटच्या खांद्यापाशी, जिथे हाडाची पांढरी रेघ धातूला भिडायला हवी, तिथे ती मागे हटली होती आणि स्क्रूचे खांद्याकडचे दोन आटे उघडे पडले होते.

"दीड मिलीमीटर हाड गेलंय," मॅडम म्हणाल्या. "हिरडीची कडही एक-दीडने मागे सरकलीय, धातूची राखाडी झाक दिसतेय. तिसऱ्या घडणीत असा हा एकच. बाकी अकरा जणांचं हाड जागचं हललेलं नाही. मला वाटतं हाड फार पातळ असेल तर ही पायरी उलटी पडते. हे आपल्याला लिहायला हवं. पातळ हाडात ही घडण वापरू नका, असं."

अर्धा मान हलवत होता. पट्टीला दिसलं की हे वाक्य छापलं जाणार. कुठल्यातरी दवाखान्यात कोणीतरी ते वाचणार आणि पातळ हाडाच्या कुठल्यातरी माणसाला चांगली घडण नाकारणार.

"घडणीची चूक नाही ती," ती म्हणाली. "मी उघडलं होतं."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "काय उघडलं होतंस?"

"झाकण. बाबांना टोचत होतं म्हणून. म्हणजे पहिल्यांदा टोचत होतं म्हणून. नंतर आकडा वाढला म्हणून."

"किती वेळा?"

"पाच."

अर्ध्याने डोळे मिटून घेतले. मॅडमनी हात पुढे केला. त्यांना काय हवंय ते पट्टीला न सांगता कळलं आणि तिने डायरीचं शेवटचं पान काढून दिलं. मॅडमनी बोटाने रेघ ओढत ते वाचलं.

"नऊ, तेवीस, चौतीस, एक्केचाळीस, पंचेचाळीस. तीन, साडेतीन, चार, सव्वाचार, साडेचार." त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "लिहिलंस किती नीट. हेच दुसऱ्या कोणाच्या कागदावर दिसलं असतं, तर तिसऱ्या ओळीला ओरडली असतीस तू."

"हो."

"हे अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. तुझ्या बाबांचे आकडे तुलनेतून बाहेर. आणि या अभ्यासात तू आता मोजायचं नाहीस."

"हो मॅडम. पण बाबांचं काय? टाळूवरच्या कातडीचा तुकडा घेऊन तिथे लावता येईल ना? हाडाची भुकटी भरता येईल?"

"त्यासाठी परत उघडावं लागेल. इथे पुढच्या बाजूला जे पापुद्र्याएवढं हाड उरलंय, ते उघडल्यावर राहीलच असं मी सांगू शकत नाही." मॅडम चष्मा काढून बोलत होत्या. "आज मी वरचा कायमचा तुकडा आणि दात एकदमच बसवते. एकदा बसवला की पुन्हा काढायचा नाही. मग त्याला सोडून द्यायचं. धरली हिरडी तर धरली."

"आणि नाही धरली तर?"

"तर इम्प्लांट हलायला लागेल आणि काढावा लागेल. दुसरा बसणार नाही, हे तुला माहीत आहे."

"मग मी करायचं काय?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पट्टीला वाटलं.

बाबांना तिने घरी परत जाताना सांगितलं. दोघं चालत होते. बाबा नव्या दातावरून सारखी जीभ फिरवत होते आणि हलक्या आवाजात 'शर्ट, शिलाई, शंभर' म्हणून बघत होते. शीळ गेली होती. तिने सगळं सांगितलं. झाकण, पदर, हाड, पाच वेळा. हे शेवटचं हाड आणि ते आपण कमी केलं, हेही सांगितलं. बाबांनी तिचं बोलणं मध्ये एकदाही तोडलं नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर ते टेकले.

"म्हणजे मास्तरांच्या कॉलरसारखं झालं."

"हो."

"पण मीच तर म्हणत होतो ना तुला, बघ म्हणून."

"तुम्हाला टोचत होतं, बाबा. तुमचा काय दोष?"

बाबांनी चपलेतून पाय काढून पुन्हा घातला. "पहिल्यांदा टोचत होतं," ते म्हणाले. "नंतर नव्हतं."

"म्हणजे?"

"तुझं तोंड असं उतरलेलं असायचं. जेवायची नाहीस. नुसती माझ्या ओठाकडे बघत राहायचीस. मला वाटायचं, हिला बघायचंय आणि बोलता येत नाहीये. मग मीच म्हणायचो टोचतंय. तू बघायचीस, लिहायचीस, तुला जरा बरं वाटायचं. मला वाटलं, तेवढंच पोरीच्या जिवाला."

पट्टी त्यांच्या शेजारी बसली. रस्त्यावरून माणसं जात होती. "बाबा, असं कशाला..." एवढं म्हणून ती थांबली. तिला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला जागा सापडत नव्हती.

"आता काही करायचं नाही म्हणतात का?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही म्हणतात."

"मग नाही करायचं." ते उठले. "आईला यातलं काही बोलू नकोस. ती दुरुस्ती सुचवत बसेल."

पण आईला सांगितल्याशिवाय राहणं त्यांनाच जमलं नाही. दोन दिवसांत त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि आईने खरंच चार दुरुस्त्या सुचवल्या. त्यातली एक मिठाच्या पाण्याची होती. पट्टीने तेवढी चालेल म्हटलं, कारण त्याने वाईट तरी होणार नव्हतं.

दुकानात बाबांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. टेपचं टोक आता ओठावर नसे, गळ्यात लोंबे. गिऱ्हाइकांना ते मोकळेपणी हसून दाखवत, आणि हसले की वरचा ओठ उचलला जाई. दाताच्या मुळाशी एक बारीक राखाडी रेघ दिसे, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. बाबांना ती दिसत नसे. आरशात बघताना ते दाताकडे बघत, हिरडीकडे नाही. पट्टीला मात्र दुसरं काही दिसत नसे. दुकानाच्या दारातून, रस्त्याच्या पलीकडून, तिचा डोळा आपोआप त्या रेघेची जाडी घेई. एक. सव्वा. आज सव्वाच की दीड? उजेड वेगळा म्हणून, की खरंच वाढली? हाताला तिने थांबवलं होतं. डोळ्याला कसं थांबवायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी होता. तोवर कोणालाच काही कळणार नव्हतं. मॅडमना नाही, अर्ध्याला नाही, तिलाही नाही.

एके दिवशी दुपारी जेवताना तिने आपलं ताट उचललं आणि बाबांच्या समोरून उठून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसली. दात डावीकडचा. इथून गाल दिसत होता, कान दिसत होता, रेघ दिसत नव्हती.

"ही काय आता नवीन खोड?" आईने विचारलं.

"तिकडे ऊन येतं डोळ्यावर."

"इतकी वर्षं नाही आलं ते?"

"बसू दे गं तिला कुठेही," बाबा म्हणाले. त्यांना हेडमास्तरांची गंमत सांगायची होती. आज मास्तर कोट घालून आले होते आणि कॉलरबद्दल एक शब्द न बोलता बाहीची तक्रार करून गेले होते. पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड केल्याशिवाय बाबांना बोलता येत नसे. चाळीस वर्षांची दुकानाची सवय. घास खाली ठेवून ते सगळेच्या सगळे तिच्याकडे वळले, खुर्चीही थोडी सरकवून घेतली आणि सांगायला लागले. सांगता सांगता त्यांना हसू आवरेना. पट्टी ताटात बघत होती.

"अगं, ऐकतेस ना?" बाबा म्हणाले. "इकडे बघ तरी."

तिने वर बघितलं.